यशोदेच्या ओटीसाठी मोऱ्याला

ऐरोलीहून मोऱ्याला जाऊन येणं याला प्रवास म्हणतात का, असं आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मला परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या नुकत्याच स्वित्झर्लंडचे डोंगर बघून आल्या होत्या, त्यामुळे त्यांचा अधिकार मोठा. अंतर विचाराल तर नाहीच म्हणत. सकाळी निघावं, जेवायला पोचावं आणि दिवेलागणीच्या आत घरी यावं, एवढंच ते अंतर. पण आम्ही मायलेकी दुसऱ्या दिवशी परतलो, आणि जे करायला गेलो होतो ते भलत्याच जागी, भलत्याच वेळी झालं. म्हणून लिहून ठेवते.

ज्यांनी मोरा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उरणच्या पुढे जमीन संपते तिथे एक धक्का आहे, तिथून मुंबईला लाँच सुटते. ओहोटीला पाणी इतकं मागं जातं की लाँचसुद्धा गाळात बसायच्या भीतीनं थांबून राहते. धक्क्याला लागून कोळीवाडा. तिथे माझा नारायणमामा राहतो, आईचा धाकटा भाऊ. आमची आजी गेली त्याच्या पुढच्या वर्षी मामानं एक होडी बांधून घेतली आणि तिला आजीचं नाव दिलं, यशोदा. आता मामाचे गुडघे गेले, दोन्ही मुलं बंदरातल्या कंपन्यांत चिकटली, खाडीत जाळं टाकलं तर मासळीपेक्षा प्लास्टिकच जास्त निघायचं. मामानं होडी विकली. घेणारा पलीकडच्या बंदरावरचा. बुधवारी दुपारच्या भरतीला तो ती घेऊन जाणार आहे, असा मामाचा फोन आला.

आमच्या आजोळी होडी, तिथल्या बोलीत होरी, म्हणजे घरची लेक. ती पहिल्यांदा पाण्यात उतरते तेव्हा घरची माहेरवाशीण तिची ओटी भरते, आणि ती दुसऱ्याच्या घरी जायला निघते तेव्हाही माहेरवाशीणच ओटी भरून तिची पाठवणी करते; ती सवाष्ण आहे की नाही हे तिथे बघत नाहीत. मामाच्या घराला माहेरवाशीण एकच उरली आहे, माझी आई, हिराबाई. यशोदेची पहिली ओटी तिनंच भरली होती. ही शेवटचीही तिनंच भरायची. आणि भरतीचं पाणी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे दुपारच्या आत पोचायचं हे आमच्यापुढचं एकमेव काम होतं.

ऐरोली

आईनं आदल्या दिवशीच ओटी काढून ठेवली होती. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या. बांगड्या होडीला कुठे घालणार, असं मी विचारलं. माझ्या तोंडाला असा काळवेळ राहत नाही. आई म्हणाली, "नाळीला बांधनार. तुना काय करायचं हाय?" नाळ म्हणजे होडीचा पुढचा टोकदार भाग, एवढं मला माहीत होतं. 

उरणला आता गाडी जाते, रुळांवरची. पण आईच्या गुडघ्यांना स्टेशनचे जिने झेपत नाहीत, म्हणून माझी जुनी लाल मोटार काढायचं ठरलं. ही मोटार महिन्यातून फार तर दोनदा बाहेर पडते. एरवी ती सोसायटीच्या उताराच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि गाड्या धुणारा माणूस तिला रोज सकाळी न चुकता बादलीभर पाण्यानं आंघोळ घालतो. गाडी जागची हललेली असो की नसो, आंघोळ ठरलेली. पैसे देतो तर करून घ्यायचं, हा आमच्या नव्या मुंबईतल्या सगळ्या सोसायट्यांचा विचार, आणि मी काही वेगळी नाही.

दुसरी एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. मी गाडी उभी करून हँडब्रेक ओढला की शेजारी बसलेली आई दोन्ही हातांनी तो आणखी दोन दात वर खेचते. ती गाडीत नसली तर संध्याकाळी किल्ली घेऊन खाली जाते आणि खेचून येते. "दोरी ढिली ठेवायची नाय," हे तिचं म्हणणं. लहानपणी तिच्या बापाची होडी ढिल्या दोरीनं एका भरतीत वाहून गेली होती आणि ती दोन दिवसांनी फुटलेली सापडली होती. खाडीकाठच्या माणसाला उभी केलेली वस्तू बांधलेली हवी, मग तिला चाकं असोत की वल्ही. मी सुरुवातीला तिला समजावून सांगत असे. पुढे सोडून दिलं, कारण उतारावर उभी गाडी घट्ट असलेली काय वाईट, असं मलाही वाटायचं.

त्या बुधवारी हँडब्रेक खाली करताना मला जोर लावावा लागला. खाली गेला एकदाचा. गाडी निघताना मागून कट्ट असा आवाज आला आणि आम्ही रस्त्याला लागलो.

पावणे

ठाणे-बेलापूर रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की गाडी ओढत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे जायला नाखूश. सिग्नलच्या बऱ्याच आधी पाय काढला तर एरवी ती आपली घरंगळत जाते. आज पाय काढला की कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी जागच्या जागी मंदावायची. रबाळ्याला एक रिक्षा मला ओलांडून गेली. घणसोलीला गॅसची टाकी लादलेला टेम्पो गेला. कोपरखैरण्याला एका सायकलवाल्यानं मागं वळून बघितलं तेव्हा मात्र माझा चेहरा उतरला.

"हळू चाललीस," आई म्हणाली.

"गाडीच चालत नाहीये."

आईनं मांडीवरची ओटीची पिशवी घट्ट धरली. मी पावण्याला आत वळले. एमआयडीसीच्या कारखान्यांच्या ओळीत गॅरेजं भरपूर आहेत आणि सकाळी ती उघडी असतात. पहिलं दिसलं तिथे थांबले. गॅरेजवाला चाळिशीचा, गोरापान, कानात मोत्याची भिकबाळी. त्यानं गाडीत न बसताच निदान केलं.

"क्लच प्लेट गेली मॅडम. शंभर टक्के. गाडी ठेवून जा, परवा देतो."

"आम्हाला दुपारी मोऱ्याला पोचायचंय. होडी सुटायच्या आत."

"लाँच काय, दिवसभर असते ना."

आई काचेतून म्हणाली, "लाँच नाय रं बाबा. आमची लेक चाललीय." त्याला काय समजलं कुणास ठाऊक, पण त्याचा आवाज एकदम खाली आला. "टेन्शन नका घेऊ आजी," म्हणाला, आणि त्यानं बॉनेट उघडलं. एअर फिल्टर काढून दाखवला. तो खरोखरच चुलीवरच्या बोळक्यासारखा काळा झाला होता. "इंजिनाला श्वासच नाय मॅडम, पळणार कशी?" नवा फिल्टर शेजारच्या दुकानातून आणायला तो स्वतः गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आम्ही दोघी एका रंग उडालेल्या बाकावर बसलो. समोरच्या कारखान्याच्या भोंग्यावर माणसं आत जात होती, बाहेर येत होती.

आईनं मामाला फोन लावला आणि नेहमीप्रमाणे स्पीकरवर ठेवला.

"नारान, गाडी बिघडलीय. पानी किती आयलंय?"

"ये सावकाश, बाय," मामा म्हणाला. "थांबलीय ती."

"घेनारा थांबंल?"

"थांबंल. तू घाई नको करू."

फोन ठेवल्यावर आईला धीर आला. मला मात्र मामाचा आवाज ऐकून जरा नवल वाटलं. लहानशी गोष्ट असली तरी आरडाओरडा करणारा माणूस तो. गाडी कुठे बिघडली, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. मनाला लागलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

फिल्टर बसला, गाडी सुरू झाली आणि खरंच सुरेख पळायला लागली. गॅरेजवाल्यानं हात कमरेवर ठेवून आमच्याकडे बघितलं, त्याचा त्याला हक्क होता. सानपाडा येईपर्यंत मीही त्याला मनातल्या मनात दुवा देत होते. गाडी इतका वेळ उभी राहून थंड झाली होती म्हणून पळत होती, हे मला त्या वेळी कळायला मार्ग नव्हता.

पाम बीच रस्त्यावर उजवीकडे खाडीची कांदळवनं सुरू होतात. आई तिकडे बघत बोलायला लागली. यशोदा बांधली तेव्हाचं सगळं तिला आठवत होतं. लाकूड कुठून आणलं, सुतार किती दिवस घरी जेवायला होता, मामीनं पहिल्या मासळीतला एक वाटा कुणाला दिला. माझे वडील साताऱ्याकडचे. त्यांच्या घरी बैल विकला की दावं सोडायच्या आधी त्याला पुरणाचा घास द्यायचे आणि मग घरातली बाई स्वयंपाकघरात जाऊन उलट्या तोंडानं उभी राहायची, बैल जाताना बघायचा नाही म्हणून. मी हे आईला सांगितलं. आईला ते अजिबात पटलं नाही.

"लेक जातंय आनि तोंड फिरवायचं?" ती म्हणाली. "आपुन समोर उभं ऱ्हावाचं. तिनं मागं बगितलं तं कोन दिसाय नको?"

गव्हाण फाटा

बेलापूर मागं टाकून उरणच्या रस्त्याला लागलो आणि गाडी पुन्हा जड झाली. या वेळी आधीपेक्षा वाईट. दोन्ही बाजूंनी कंटेनरचे ट्रेलर घुमत चालले होते आणि आम्ही त्यांच्या मधे चौथा गिअर सुद्धा घेऊ शकत नव्हतो. मी पावण्याच्या भिकबाळीवाल्याचे उपकार तिथल्या तिथे मागे घेतले.

मग एक पूल आला. चढ कसाबसा काढला. उतार लागला तेव्हा मी दोन्ही पाय वर घेतले आणि गाडी न्यूट्रलला टाकली, आता तरी घरंगळेल म्हणून. उतारावर, न्यूट्रलमध्ये, गाडी हळूहळू मंद होत थांबली. मागच्या ट्रेलरवाल्यानं माझ्या आईवडिलांची चौकशी केली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिनाचा यात काही संबंध असता तर उतारावर ती थांबली नसती. इंजिन तर बिचारं ओढतच होतं. काहीतरी चाकाला धरून बसलं होतं.

फाट्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. उतरून एकेका चाकाजवळ हात नेला. पुढची दोन कोमट. मागचं उजवं कोमट. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेताच झळ लागली आणि जळक्या रबरासारखा वास नाकात गेला. आई बाटलीतलं पाणी ओतायला निघाली होती. तेवढ्यात पलीकडच्या टायरच्या दुकानातून एक माणूस ओरडला, "ओ मावशी, पानी नका मारू! ड्रम फुटंल." तो पंक्चर काढणारा, ट्रेलरची टायरं बदलणारा. नाव म्हात्रे. गाडी त्याच्या दुकानापुढे नेईपर्यंत तो चाकाच्या बाजूनं चालत आला, कान लावून.

मी दरम्यान मोबाइलवर टॅक्सी बोलवत होते. दोघांनी होकार दिला आणि मोरा नाव वाचून दोघांनीही रद्द केलं. तिकडून परतीचं भाडं मिळत नाही. आई रस्त्याकडे पाठ करून आभाळाकडे बघत होती. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं, म्हणजे भरती भरत आली होती.

म्हात्र्यानं चाक थोडं निवू दिलं, मग जॅक लावून उचललं आणि हातानं फिरवायला गेला. फिरेना. लाथ मारली तेव्हा पाव फेरा फिरून अडकलं.

"ताई, ही गाडी तुमी चालवत नाय आनलीत," तो म्हणाला. "फरफटत आनलीत."

चाक उतरवून, हातोडीनं चारी बाजूंनी ठोकून त्यानं ब्रेकवरचं लोखंडी झाकण, म्हणजे ड्रम, सैल केला आणि ओढून काढला. आतून लाल गंज पुडीसारखा खाली सांडला. ब्रेकची नाल, म्हणजे ड्रमला आतून दाबणारी अर्धगोल पट्टी, आतल्या बाजूला चिकटून बसली होती. हँडब्रेकची तार ताणलेली होती ती मागं यायलाच तयार नव्हती. मी गाडीत जाऊन हँडब्रेक खाली-वर केला तरी तार हललीच नाही.

"रोज धुता काय गाडी?"

"धुणारा येतो."

"धुवून उभी करायची, आनि वर हँडब्रेक कचकून मारायचा. मंग आत पानी जातं, गंज धरतो, नाल चिकटते. इतला कोन खेचतं पन?"

मी उत्तर देणार नव्हते. मी सांगणार होते की गाडी जुनी आहे, तार कमजोर असेल. पण आई पलीकडच्या टायरवर बसून सगळं ऐकत होती.

"मी खेचतंय," ती म्हणाली.

म्हात्रे पाना हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून त्यानं काम सुरू केलं. गंज घासला, नाल काचकागदानं साफ केली, तारेच्या टोकाला तेल सोडलं, नट ढिला केला. त्या सगळ्याला वेळ लागायचा तेवढा लागला. दुपार कलली.  आईनं मला एकदाच विचारलं, "म्हंजे माज्या हातानं झालं?" मी म्हटलं, "आई, तसं काही नसतं." हे वाक्य मला बोलता क्षणीच फुकटचं वाटलं. तिला खरं उत्तर हवं होतं आणि खरं उत्तर तर म्हात्र्यानं जमिनीवर झटकून ठेवलं होतं.

तिनं पुन्हा मामाला फोन लावला.

"नारान, भरती झाली रं?"

"थांबलीय, बाय. तू ये."

"माज्यामुलं होतंय सगलं."

 "तू ये," मामा म्हणाला आणि फोन बंद झाला.

निघताना म्हात्र्यानं चाक फिरवून दाखवलं. बोटानं ढकललं तरी ते मोकळं फिरत राहिलं. "नवी तार टाकीपर्यंत हँडब्रेक लावायचा नाय," त्यानं बजावलं. "गिअरात उभी करायची, चाकाला दगड लावायचा." आईनं आयुष्यात पहिल्यांदा अशी सूचना निमूटपणे ऐकून घेतली. पुढचा रस्ता गाडी हलकी फुलासारखी पळाली. त्याचा आनंद व्हावा अशी ती वेळ नव्हती.

मोरा

धक्क्याजवळ मी गाडी थांबवली आणि चाकाला दगड लावायच्या आत आई उतरून चालायला लागली होती, पिशवी छातीशी धरून, त्या गुडघ्यांनी. मी मागून पळाले. पाणी उतरायला लागलं होतं. काठावरचा चिखल उघडा पडत होता. होड्यांच्या रांगेत यशोदेची जागा मला लांबूनच ओळखू आली, कारण तिथे काही नव्हतं.

आई धक्क्याच्या कडेला खाली बसली. ओरडली नाही, रडलीही नाही. "चुकली," एवढंच म्हणाली. मग आपल्याच दोन्ही हातांकडे बघून म्हणाली, "ह्या हातानं." मी तिच्या शेजारी बसले. मला रडू आलं. आईचं असं बसणं मी वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मामा आला, तिच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि घरी नेलं. त्यानं आमच्याकडे धड बघितलं नाही. मामीनं पानं वाढली. वरण, भात आणि दुधीची भाजी. बुधवार, मामाचं घर, आणि स्वयंपाकघरात मासळीचा वासही नाही. एरवी आम्ही गेलो की मामी तांदळाच्या भाकरीबरोबर जवळा करते, तळलेले बोंबील पानात पडत राहतात. आज भातावर तुपाची धार धरताना ती आईला म्हणाली, "चार घास जेवा, वन्सं. ह्यांनीबी राती होरी गेली तवापासनं पानी पन नाय घेतलेलं."

आईचा हात पानातच थांबला.

"राती?"

मामीनं मामाकडे बघितलं आणि तुपाचं भांडं घेऊन आत गेली. मामा भिंतीला टेकून बसला होता. सत्तरीचा माणूस, पण मला तो त्या वेळी शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसला.

"काल रातच्या भरतीला नेली," तो म्हणाला.

"मना तू दुपारची सांगितलंस."

"हां."

"फोनवर थांबलीय बोललास. दोनदा."

"हां."

"नारान, रस्ताभर मी मनाच शिव्या घातल्या रं." आईचा आवाज फुटला. "माज्या हातानं लेकीची ओटी राहिली म्हनून. तू ऐकत होतास आनि बोलला नाय?"

मामा उठला, परत बसला. मग एकदम बोलायला लागला. तो इतकं सलग बोललेला मी कधी ऐकला नव्हता. आईनं ओटी भरायला घेतली असती तर त्यानं होडी सोडलीच नसती, घेणाऱ्याशी मारामारी केली असती, असं तो म्हणाला. म्हणून त्यानं कुणालाच न सांगता रातोरात दोर सोडला. मुलांना नाही, मामीलासुद्धा इंजिनाचा आवाज ऐकूनच कळलं.

"मंग मना बोलवलंस कशाला?" आईनं विचारलं.

"होरी जाताना तू नको होतीस, बाय," मामा म्हणाला. "गेल्यावर पायजे होतीस."

 आईनं पानातला भात कालवला आणि जेवायला लागली. थोड्या वेळानं तिनं मामाच्या पानाकडे बोट केलं, तेव्हा तोही जेवायला बसला. पण ती त्याच्याशी त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. मामाशी कधी बोलावं, कधी नाही, हे तिचं गणित मला अजून जमलेलं नाही. आम्ही मोऱ्यालाच राहिलो.

मोरा, दुसरा दिवस

सकाळी जाग आली तेव्हा आईचं अंथरूण रिकामं होतं. मामी म्हणाली, काठावर गेलीय, आणि मामाही तिच्या मागं गेलाय. मी पायात चप्पल सरकवून धावले.

ओहोटी पूर्ण लागली होती. खाडी खूप मागं गेली होती आणि चिखल उन्हात चमकत होता. यशोदा वर्षानुवर्षं ज्या जागी बसायची तिथे चिखलात तिच्या पोटाचा खोलगट ठसा उमटलेला होता, नाळीपासून मागच्या टोकापर्यंत अख्खा. त्यात घोटाभर पाणी राहिलं होतं. आई लुगड्याचा ओचा वर खोचून त्या ठशाच्या टोकाशी गुडघाभर चिखलात उभी होती. मामा चार पावलं मागं, हात बांधून.

मी धक्क्यावरच थांबले.

आईनं वाकून त्या पाण्याच्या कडेला हळद लावली, कुंकू लावलं. मग खण उलगडून ठसा सुरू होतो तिथे ठेवला. ओंजळीनं तांदूळ सोडले, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. हळकुंड, सुपारी, बांगड्या. शेवटी नारळ दोन्ही हातांनी खाली ठेवला. हे सगळं ती अगदी नेहमीसारखं करत होती, घरी आलेल्या सवाष्णीची ओटी भरावी तसं, घाई न करता, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मामा तोंड फिरवून उभा राहिला. आईनं मागं न बघता म्हटलं, "हिकडं बग, नारान." त्यानं बघितलं.

मग आम्ही तिघं धक्क्याच्या पायरीवर येऊन बसलो. आईचे पाय मी धुतले. मामीनं चहा पाठवला. पाणी परत यायला लागलं तसं ते आधी चरांमधून आलं, मग पसरलं, मग ठशाच्या कडेवरून आत उतरलं. तांदूळ दिसेनासे झाले. खण तरंगला आणि भिजून बुडाला. नारळ मात्र जागचा हलला, वळला, आणि परतणाऱ्या लाटेबरोबर हळूहळू बाहेरच्या पाण्याकडे निघाला.

मामा ताडकन उठला. पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेला, हात पुढे करून. नारळ त्याच्या हाताच्या अंतरावर होता. आई त्या दुखऱ्या गुडघ्यांनी त्याच्या मागं पाण्यात उतरली आणि तिनं त्याचा सदरा पाठीमागून मुठीत धरला.

"जाव दे," ती म्हणाली.

त्यानं हात मागं घेतला. दोघं भावंडं तशीच पाण्यात उभी राहिली, तो समोर बघत, ती त्याचा सदरा धरून, आणि नारळ दिसेनासा होईपर्यंत दोघांनीही तोंड फिरवलं नाही.